चार दिवसांत पाच गावं नकोत : अमेरिकेच्या दक्षिणेतली घोड्यांची गावं कशी बघावीत

तुम्ही विचारलंय त्याचा सारांश आधी लिहिते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहता. मार्चच्या शेवटी लेकीची शाळा बंद आहे आणि तेव्हा नाशिकहून सासू-सासरे आलेले असतील. लेक अकरा वर्षांची, घोड्यांपुढे तिला दुसरं काही सुचत नाही. हाताशी चार दिवस आणि एक गाडी. केंटकीतलं लेक्सिंग्टन, टेनेसीतलं शेल्बीव्हिल, साउथ कॅरोलायनातली एकिन आणि कॅम्डन, नॉर्थ कॅरोलायनातलं ट्रायॉन अशी यादी तुम्ही काढली आहे आणि ती कोणत्या क्रमाने करावी असं विचारलंय. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, सासूबाई अंडंही खात नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ आहे : एवढं जाऊन नुसते कुंपणाआड चरणारे घोडे दिसले तर?

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं तिच्यावरून ठरतं.

मी घोड्यांची डॉक्टर आहे. शिक्षण परळला झालं, पुढचं इकडे, आणि आता बरीच वर्षं ऑगस्टा-एकिन भागातल्या तबेल्यांमध्ये काम करते. त्यामुळे आल्यागेल्या पाहुण्यांना ही गावं दाखवणं ओघानेच येतं. तुमची भीती रास्त आहे, बहुतेकांच्या वाट्याला कुंपणच येतं. ही तिकीट काढून आत शिरायची ठिकाणं नाहीत. इथे घोडा कामाला जुंपलेला प्राणी आहे आणि त्याचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. पहाटे दाणा, सातच्या सुमाराला पाठीवर खोगीर, नऊ-दहापर्यंत रपेट आणि सराव उरकलेला, मग अंघोळ, मालिश, आणि घोडा आपल्या ठाणात नाहीतर कुरणात. पर्यटक हॉटेलातला नाश्ता आटोपून अकराला पोचतो, तेव्हा गावातलं सगळ्यात बघण्यासारखं संपलेलं असतं. रोज नवं गाव धरलंत तर रोजची सकाळ गाडीतच जाईल. म्हणून माझं म्हणणं असं की एकच गाव धरा, तिथे दोन-तीन रात्री राहा आणि लवकर उठा. दुसरं एखादं गाव वाटेवर पडत असेल तर जाता-जाता बघा. तुमच्या तारखा आणि शार्लटहूनचं अंतर पाहता ते एक गाव म्हणजे एकिन, आणि वाटेवरचं कॅम्डन.

लेक्सिंग्टन या खेपेला सोडा. शार्लटहून तिथे पोचायलाच साडेसहा-सात तास लागतात आणि ते लहान गाव नाही, तीन लाखांवर वस्तीचं शहर आहे. तिथे एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये कीनलँडच्या शर्यती चालू असताना वेगळी सहल काढून जा, आणि मुक्काम शेजारच्या मिडवेमध्ये करा. त्या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध रेल्वेचे रूळ आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं.

शेल्बीव्हिलबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लेक बरोबर असणार आहे. तिथला टेनेसी वॉकिंग घोड्यांचा मोठा मेळा 1939 पासून भरतो, पण तो ऑगस्टच्या अखेरीला, त्यामुळे मार्चमध्ये तसाही उपयोग नाही. या जातीची मूळची चाल सुरेख असते. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्या पुढे पडतो, मान तालात हलते आणि वर बसलेल्याला धक्का जवळजवळ लागत नाही. दुर्दैवाने मेळ्यांत त्या चालीची अतिशयोक्ती करून बक्षिसं जिंकायची रीत पडली. त्यासाठी काही जण खुराच्या वरच्या भागाला जळजळ करणारी रसायनं चोळतात, वर साखळी अडकवतात, आणि पाय टेकला की दुखतं म्हणून घोडा तो उंच उचलतो. याविरुद्ध 1970 साली अमेरिकेत केंद्रीय कायदा झाला, तरी प्रकार पुरता थांबलेला नाही. सगळेच तसे नसतात आणि साध्या नालांवर चालणाऱ्या घोड्यांचे वेगळे गट असतात, ते बघायला अगदी आनंदाने जा. पण जाड थरांचे उंच नाल ठोकलेले, पुढचे पाय छातीपर्यंत फेकणारे घोडे दिसले तर मी माझ्या मुलीला तिथे बसवणार नाही. कधी त्या बाजूला गेलात तर जवळच्या वॉर्ट्रेसला थांबा. 1939 चा पहिला विजेता स्ट्रोलिंग जिम तिथल्या जुन्या हॉटेलच्या मागे पुरलेला आहे.

आता एकिन. शार्लटहून अडीच तास, ऑगस्टाहून साधारण वीस मैल. या गावात घोडे का आले, हे कळलं की गाव बघायला सोपं जातं. 1833 साली चार्ल्स्टनहून हॅम्बर्गपर्यंत 136 मैलांची रेल्वे झाली. त्या वेळी ती जगातली सगळ्यात लांब होती. तिच्या वाटेवर 1835 मध्ये हे गाव वसलं आणि रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांचं, विल्यम एकिन यांचं, नाव त्याला मिळालं. किनाऱ्यावरच्या उकाड्याला आणि तापाला कंटाळलेले लोक आधी इथे हवापालटाला येत. यादवी युद्धानंतर उत्तरेतले धनिक हिवाळ्यात यायला लागले. त्यांत टॉमस हिचकॉक आणि त्यांच्या पत्नी लुईझ युस्टिस हिचकॉक या जोडप्याने पोलो, शर्यती, शिकारी कुत्र्यांमागची दौड असं सगळं इथे रुजवलं. न्यूयॉर्ककडे जमीन गोठून दगड होते तेव्हा इथे ती मऊ असते. वाळूमिश्रित माती, पाऊस पडला तरी तासा-दोन तासांत पाणी मुरतं. घोड्याचा पुढचा पाय धावताना सगळ्या अंगाचा भार काही क्षण एकटा पेलतो, तेव्हा खालची जमीन किती दबते यावर त्याच्या सांध्यांचं आणि स्नायुबंधांचं आयुष्य ठरतं. ती माणसं पैसेवाली होती हे खरं, पण घोडे इथे टिकले ते वाळूमुळे.

याच वाळूचा दुसरा पैलू माझ्या वाट्याला येतो. जमिनीवरचं गवत खाताना घोडे वाळूही गिळतात, ती आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. त्यावर इथल्या तबेल्यांमध्ये नेहमीचा उपाय कोणता माहीत आहे? इसबगोल. दाण्यात मिसळून, महिन्यातले ठरावीक दिवस. सासूबाईंना एखाद्या तबेल्यात इसबगोलाची बादली दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका म्हणावं. ते बहुतेक गुजरात-राजस्थानातूनच आलेलं असतं.

पहिली सकाळ हिचकॉक वुड्ससाठी ठेवा. गावाला लागूनच 2,100 एकरांचं जंगल, त्यात सुमारे सत्तर मैलांच्या वाळूच्या पायवाटा, गाडी नाही, सायकल नाही. फक्त पायी चालणारे आणि घोडेस्वार. 1939 साली टॉमस हिचकॉक आणि त्यांची मुलगी हेलन क्लार्क यांनी यातली बाराशे एकरांच्या आसपास जमीन एका न्यासाला दिली आणि तेव्हापासून ते सगळ्यांना मोफत खुलं आहे. साडेसात-आठला आत शिरा. लाँगलीफ पाइनच्या उंच सरळ खोडांमधून ऊन तिरपं येत असतं. घोड्याची टाप वाळूत ऐकू येत नाही, आधी खोगिराच्या चामड्याची करकर येते, मग फुरफुर, मग वळणावर घोडा दिसतो. काही खोडं खाली काळीठिक्कर जळलेली दिसतील. तो वणवा नव्हे. हे पाइन जगावेत म्हणून हिवाळ्यात मुद्दाम, बेताने आग लावतात, नाहीतर दुसरी झाडं त्यांना गुदमरवतात. वाटेत पाइनच्या फांद्या दोन आडव्या बल्ल्यांमध्ये ठासून केलेले अडसर दिसतील. दौडीत घोडे त्यांवरून उड्या मारतात, आणि उड्यांच्या स्पर्धांमध्ये या प्रकाराच्या अडसराला 'एकिन' असंच नाव पडलं आहे. लेकीला त्याच्या शेजारी उभं करून बघा, मग तिला उडीची उंची कळेल.

सासऱ्यांना जंगलात लांब चालायची गरज नाही. वाळूत चालणं गुडघ्यांना जड जातं, हे आधीच सांगून ठेवते. प्रवेशद्वारापासून शंभर-दोनशे पावलांवर बसायला जागा बघून थांबलं तरी घोडे समोरूनच जातात. घडीची खुर्ची बरोबर घ्या.

जंगलाच्या शेजारीच घोड्यांचा जुना मोहल्ला आहे. तिथले रस्ते अजून मुद्दाम मातीचे ठेवलेत, खुरांसाठी. मोठमोठे वाडे, त्यांना जोडलेले तबेले, आणि साउथ बाउंड्री रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या ओक झाडांची वर गुंफलेली कमान. गाडीतून हे सगळं बघता येतं, फक्त मातीच्या रस्त्यावर पंधराच्या वर वेग नको आणि हॉर्न अजिबात नको. व्हिस्की रोडवरचा सिग्नल लेकीला नक्की दाखवा. रस्ता ओलांडायचं बटण तिथे दोन उंचींवर आहे. एक नेहमीच्या जागी, आणि एक घोड्यावर बसलेल्याचा हात सहज पोचेल इतकं वर. थोडा वेळ थांबलात तर एखादी स्वार येते, घोडा खांबाला समांतर उभा करते, वाकून बटण दाबते, आणि दिवा बदलेपर्यंत घोडा कान मागेपुढे करत शांत उभा राहतो. रहदारीत घोड्याला असं उभं करायला किती महिन्यांचं शिक्षण लागतं हे मला माहीत आहे, म्हणून मला ते एखाद्या शर्यतीइतकंच बघण्यासारखं वाटतं.

दुसऱ्या सकाळी सरावाचा ट्रॅक. एक मैलाचा हा मातीचा ट्रॅक 1941 साली झाला. पुढे मोठ्या शर्यतींत उतरणारी दोन वर्षांची शिंगरं इथे पहिले धडे घेतात. जागा खासगी आहे, त्यामुळे आदल्या दिवशी गावच्या पर्यटक केंद्रात विचारून घ्या की कुठे उभं राहिलेलं चालेल. परवानगी मिळाली तर कठड्यापासून दोन पावलं मागे उभे राहा आणि घोड्यांच्या तोंडांपेक्षा पायांकडे बघा. आधी चाल, मग दुडकी, मग लांब सैल रपेट, आणि क्वचित एखादाच भरधाव सोडलेला. रोज कुणालाच पळवत नाहीत. परतलेल्या घोड्याला धुताना थंड सकाळी त्याच्या पाठीवरून वाफा निघतात, मग मोतद्दार त्याला अर्धा-पाऊण तास हळूहळू फिरवत राहतो, अंग निवेपर्यंत. मी तपासणीला जाते तेव्हा सगळ्यात उपयोगी माहिती या फिरवणाऱ्या माणसाकडूनच मिळते. घोडा आज पाणी कमी प्यायला, डावीकडे वळताना कुरकुरला, हे त्यालाच आधी कळतं.

मार्चमध्ये एकिनला तीन मोठे दिवस असतात आणि गाव त्यांना मिळून आपला 'ट्रिपल क्राउन' म्हणतं. याच सराव-ट्रॅकवर नवख्या घोड्यांच्या चाचणी शर्यती, 1930 पासून चालत आलेली अडथळ्यांची शर्यत, आणि पोलो. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून आधी तपासा. तुम्हाला यातलं एकच निवडायचं असेल तर चाचणी शर्यती निवडा. गर्दी कुटुंबांची असते, पैसे लावायचा प्रकार नाही, आणि घोड्यांचं पहिलंच पळणं असल्यामुळे काहीही घडतं. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला जंगलाच्या आत, झाडांनी वेढलेल्या रिंगणात, 1916 पासून भरणारा घोड्यांचा मेळाही असतो. तारखा जुळल्या तर मी बाकी सगळं सोडून तुम्हाला तिथेच पाठवीन. तिथे लेकीच्या वयाच्या मुली आपापल्या तट्टांवर उतरलेल्या दिसतात, स्वतः खरारा करताना, स्वतः वेण्या घालताना.

पोलोबद्दल थोडं. व्हिटनी फील्डवर 1882 पासून पोलो चालू आहे. अमेरिकेत हा खेळ आला 1876 साली, इंग्रजांकडून, आणि इंग्रजांनी तो उचलला मणिपुरातून. 1859 मध्ये सिल्चरला त्यांनी पहिला क्लब काढला. सासऱ्यांना हे सांगा, मॅच बघायला मजा येईल. प्रत्येक बाजूला चार खेळाडू, मैदान तीनशे यार्ड लांब, सात-साडेसात मिनिटांचा एकेक डाव. चेंडू ज्या रेषेत चालला आहे ती रेषा आडवी कापायची नाही, हा मुख्य नियम. तो नियम आहे म्हणून भरधाव घोड्यांची टक्कर टळते. दर डावाला घोडा बदलतात, त्यामुळे मैदानाच्या कडेला गाड्यांपाशी बांधलेले घोडे, त्यांना थंड करणारे, नाल तपासणारे लोक, हे सगळं खेळाइतकंच बघण्यासारखं असतं. मध्यंतरात प्रेक्षकांनी मैदानात जाऊन उखडलेली ढेकळं पायांनी दाबायची पद्धत आहे. लेकीला पाठवा. अमेरिकेचा नावाजलेला पोलो खेळाडू टॉमी हिचकॉक 1900 साली याच गावात जन्मला. वर उल्लेख आलाय त्या जोडप्याचाच मुलगा. दहा गोलांचं सर्वोच्च मानांकन, दोन्ही महायुद्धांत वैमानिक, आणि 1944 मध्ये इंग्लंडमध्ये मस्टँग विमानाच्या चाचणीत मृत्यू. रविवारी दुपारचे नेहमीचे सामने वसंतात आणि शरदात असतात. मार्चअखेर ते सुरू झालेत का, ते आधी विचारून घ्या.

दुपार होपलँड्स गार्डन्सची. चौदा एकरांची ही बाग होप गॉडार्ड आयझेलिन यांनी मृत्युपत्राने गावाला दिली. वाटा बऱ्यापैकी सपाट आहेत, बाक भरपूर, मार्चअखेर अझेलिया फुललेली. सासूबाई-सासऱ्यांचा वेळ इथे फार छान जाईल. बागेतल्या जुन्या बग्गीखान्यात 1977 पासून शर्यतीच्या घोड्यांचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. एकिनशी नातं असलेले विजेते घोडे इथे मानाने लावले आहेत. 1960 ते 1964 अशी सलग पाच वर्षं देशातला सर्वोत्तम ठरलेला केल्सो, 1981 ची केंटकी डर्बी ही नावाजलेली शर्यत जिंकणारा प्लेझंट कॉलनी, 1984 ची डर्बी आणि बेलमाँट ही दुसरी मोठी शर्यत जिंकून आठच दिवसांत अचानक गेलेला स्वेल.

भिंतींवरच्या फोटोंत मालक आणि घोडे ठळक दिसतात. मी लेकीला सांगेन की लगाम धरून उभ्या असलेल्या माणसाकडेही बघ. दक्षिणेतला घोड्यांचा सगळा डोलारा कृष्णवर्णीय मोतद्दार, सराव-स्वार, नालबंद आणि जॉकींवर उभा राहिला. 1875 च्या पहिल्या केंटकी डर्बीत पंधरापैकी तेरा जॉकी कृष्णवर्णीय होते, जिंकणारा ऑलिव्हर लुईसही. आयझॅक मर्फीने ती शर्यत तीनदा जिंकली, जिमी विंकफील्डने 1901 आणि 1902 अशी लागोपाठ दोनदा. मग वर्णभेदाचे कायदे आणि मारझोड यांनी त्यांना ट्रॅकवरून हुसकावलं. आज तबेल्यांमध्ये काम करणारे बरेच जण मेक्सिको, मध्य अमेरिका, अर्जेंटिनातून आलेले आहेत. वाड्यांची आणि ओकच्या कमानींची शोभा बघताना हे माहीत असलेलं बरं, अकरा वर्षांच्या मुलीला ते नीट समजतं.

शनिवारी सकाळी पर्यटक केंद्रापासून जुन्या भागाची ट्रॉलीफेरी निघते. ज्यांना चालायचं नाही त्यांच्यासाठी ती उत्तम. जागा आधी राखून ठेवा. तुम्ही आणि लेक जंगलात, सासू-सासरे ट्रॉलीत, असं करता येईल. पर्यटक केंद्राच्या वरच्या मजल्यावर त्या जुन्या रेल्वेमार्गावरच्या गावांचे छोटे देखावे मांडलेत, तेही बघा.

कॅम्डन जाताना घ्या. शार्लटहून दीड तासाच्या आत पोचाल आणि पुढे एकिन साधारण तेवढंच. तिथे स्प्रिंगडेल नावाचा सहाशे एकरांचा अडथळ्यांच्या शर्यतीचा परिसर आहे आणि आत या शर्यतींचं राष्ट्रीय संग्रहालय. उघडं असण्याच्या वेळा मर्यादित असतात, फोन करूनच जा. 1930 पासूनची 'कॅरोलायना कप' ही शर्यत मार्चअखेर-एप्रिलच्या सुरुवातीला होते. ती नामांकित आहे, पण त्या दिवशी तिथे हजारो लोक, त्यांत कॉलेजची मुलं खूप, आणि दारू मुबलक. तुमच्या कुटुंबाला घेऊन मी त्या दिवशी जाणार नाही. एरवी मात्र तो परिसर शांत आणि देखणा असतो. कॅम्डनलाच 16 ऑगस्ट 1780 रोजी ब्रिटिशांनी अमेरिकन सैन्याचा दारुण पराभव केला. अमेरिकन सेनापती होरेशियो गेट्स वेगवान घोड्यावर बसून रणातून निसटला आणि त्याच रात्री साठ मैलांवर, म्हणजे तुमच्या शार्लटला, पोचला. त्याचा सहकारी बॅरन डी काल्ब मात्र जखमांनी खचेपर्यंत लढला. बेथेस्डा चर्चसमोर त्याची समाधी आहे. तुम्ही तेच अंतर गाडीने कापून तिथे आलेले असाल, तेव्हा ही गोष्ट लेकीच्या लक्षात राहील.

ट्रायॉन या सहलीत घुसवू नका. ते शार्लटहून दीड तासावर आहे, उन्हाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी एका दिवसात होतं. गावाच्या चौकात मॉरिस नावाचा भला मोठा खेळण्यातला घोडा उभा आहे, आणि 1933 साली इथे जन्मलेल्या नीना सिमोन या गायिकेचा पुतळा. जवळच्या मिल स्प्रिंगला 2014 मध्ये सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय अश्वारोहण केंद्र आहे, 2018 च्या जागतिक स्पर्धा तिथेच झाल्या. त्यातली लांब पल्ल्याची शर्यत उष्मा आणि दमटपणामुळे मध्येच रद्द करावी लागली होती, आणि वैद्य म्हणून मला तो निर्णय योग्यच वाटतो. मोसमात काही शनिवारी संध्याकाळी प्रकाशझोतात उड्यांच्या स्पर्धा होतात, प्रेक्षकांना प्रवेश बहुधा मोफत असतो, आणि मुलांसाठी फिरता पाळणाही आहे.

लेकीला घोड्यावर बसवायचं असेल तर रांगेत एकामागे एक चालवणाऱ्या तासाभराच्या फेरीऐवजी एखाद्या शिकवणाऱ्या तबेल्यात एक धडा घ्या. त्यात ती घोडा ठाणातून आणेल, खरारा करेल, खूर साफ करेल, खोगीर चढवायला मदत करेल, आणि मग बसेल. तबेला निवडताना किंमत नंतर विचारा. आधी बघा की मुलांना हेल्मेटशिवाय बसू देतात का, घोड्यांच्या पाठीवर खोगिराचे घाव आहेत का, आणि शिकवणारी व्यक्ती घोड्यावर ओरडते का. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर हो आलं तर निघून या. तबेल्याच्या दारावर एक इशाऱ्याची पाटी दिसेल, की घोड्यांपासून होणाऱ्या स्वाभाविक धोक्यांना मालक जबाबदार नाही. ती साउथ कॅरोलायनाच्या कायद्याप्रमाणे लावलेली असते, सही करायचा कागदही येतो. घाबरू नका, पण वाचून सही करा. टाचेचे बूट हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही.

घोड्यांजवळ वागायचं ते एवढंच : विचारल्याशिवाय हात लावू नये, मागून जाऊ नये, खाऊ देऊ नये. जंगलात घोडा समोर आला तर सगळ्यांनी वाटेच्या एकाच बाजूला व्हावं आणि स्वाराशी मोठ्याने 'गुड मॉर्निंग' बोलावं. गप्प उभी राहिलेली आकृती घोड्याला बुजवते, आवाज आला की त्याला कळतं की माणूस आहे. सासूबाईंनी पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी आणि कुणीही घोड्याजवळ छत्री फटकन उघडू नये.

जेवणाचं आधीच ठरवून ठेवा. दक्षिणेत शाकाहारी दिसणाऱ्या भाज्यांमध्ये डुकराचं मांस किंवा चरबी पडलेली असते, पालेभाजीत आणि चवळीसारख्या कडधान्यांतही. बिस्किटात, म्हणजे इथल्या मऊ पावात, चरबी असू शकते. पिमेंटो चीजमध्ये मेयोनेज, म्हणजे अंडं. तळलेली भेंडी कोंबडीच्याच तेलात तळतात का ते विचारा. ग्रिट्स, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या कण्या, लोणी घालून मागितल्या तर बहुधा चालतात. आणि रस्त्याकडेला मिळणाऱ्या उकडलेल्या शेंगा तुम्हाला आवडतीलच, तो या राज्याचा अधिकृत खाऊ आहे. ऑगस्टामध्ये भारतीय जेवण मिळतं. तरी पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निघा.

कपड्यांत थर ठेवा. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी अर्ध्या बाह्या पुरतात. मार्चअखेर पाइनचे पिवळे परागकण सगळीकडे पसरतात, गाडीवर थर जमतो. कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर औषध बरोबर हवं.

सुट्टी मार्चमध्ये जमलीच नाही तर नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंगची सकाळ धरा. 1914 पासूनच्या 'एकिन हाउंड्स' या शिकारी कुत्र्यांच्या कळपाला त्या दिवशी जंगलात आशीर्वाद देतात आणि मग स्वार त्यांच्यामागे निघतात. सासूबाईंना आधीच सांगा की यात कोल्हा नसतो. वास लावलेलं फडकं आधी कुणीतरी जंगलातून ओढत नेतं आणि कुत्रे त्या वासामागे धावतात. कुणी मरत नाही. उन्हाळ्यात मात्र येऊ नका. उकाड्यात बरेच घोडे उत्तरेला गेलेले असतात आणि इथले उजाडतानाच कामं उरकून पंख्याखाली उभे असतात.

हॉटेलचं शेवटी लिहितेय, पण सगळ्यात आधी करायचं काम तेच आहे. एप्रिलच्या पहिल्या पूर्ण आठवड्यात ऑगस्टाला मास्टर्स गोल्फ स्पर्धा असते. त्या दिवसांत वीस मैलांवरच्या एकिनमध्येही खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाडं अनेक पट असतं. शाळेच्या सुट्टीचे तुमचे दिवस त्या आठवड्याला शिवत असतील तर एकिन आधीच्या आठवड्याच्या शेवटी उरका. तेही जमत नसेल तर ते चार दिवस कॅम्डनमध्ये राहा आणि एकिनला एक दिवस पहाटे पाचला निघून जाऊन या.